कशेडी घाटाएवढा अल्बम

डिसेंबर लागला की महाड औद्योगिक वसाहतीत वर्ष संपत आल्याची लक्षणं दिसू लागतात. केमिकलचे डीलर कॅलेंडरं घेऊन गेटवर येतात. वर्षभर धडधाकट असलेली माणसं शिल्लक रजा संपवण्यासाठी एकेक करून आजारी पडतात. आणि बिरवाडीत राहणारा, लॅबमध्ये नमुने तपासून पोट भरणारा, पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ त्या वर्षातल्या आपल्या आवडत्या इंडी रॉक आणि फोक अल्बमांची यादी करायला बसतो. तो गृहस्थ मी. यादी कोणी मागितलेली नसते. पण नमुना घ्यायचा, तपासायचा आणि पास किंवा नापास असा शिक्का मारायचा, या धंद्यात हयात गेलेल्या माणसाला घरी आल्यावरही शिक्का खाली ठेवता येत नाही. बायकोच्या आमटीवर मारून पाहिला होता. त्यापेक्षा अमेरिकेतल्या गायकांवर मारणं सुरक्षित.

ही यादी २०२४ सालची. तिच्याकडे वळण्याआधी इंडी म्हणजे काय हे सांगायला हवं, आणि ते मला आमच्या कँटीनमध्ये समजलं. महाडात माणसाची ओळख दोन प्रश्नांत आटोपते: गाव कुठलं आणि कंपनी कुठली. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर एक गाणं लावलं, तर पहिला प्रश्न आला, "ही बाई कुठल्या कंपनीची?" मी सांगितलं की हिच्यामागे मोठी कंपनी नाही, हेच तर इंडीचं वैशिष्ट्य. ही माणसं स्वतः गाणी लिहितात, जमेल तिथे रेकॉर्ड करतात, मिळेल ते घेतात, उद्याची खात्री नाही. टेबलावर थोडा वेळ शांतता पसरली. मग ताटातला मासा निवडत एक ज्येष्ठ ऑपरेटर म्हणाले, "म्हणजे कंत्राटी."

त्या दिवसापासून आमच्या शिफ्टमध्ये इंडी संगीताला 'कॉन्ट्रॅक्टवाल्यांची गाणी' म्हणतात. मोठ्या कंपन्यांकडे गाणारे ते पर्मनंट. इतकी चोख व्याख्या मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही.

कंत्राटी गाण्याचा आमच्या हायवेवरचा मूळ पुरुष म्हणजे रेमो फर्नांडिस. १९८४ साली त्यांनी शिवोलीच्या घरातच चार ट्रॅकच्या मशीनवर 'गोवन क्रेझी' हा अल्बम रेकॉर्ड केला आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी नेऊन दिल्या. गीतकार, संगीतकार, वादक, गायक, सेल्समन आणि डिस्पॅच, सगळी खाती एकाच माणसाकडे. आमच्याकडे असं होतं तेव्हा उरलेल्यांना ब्रेक दिलेला असतो.

आता मोजमापाकडे वळू. अल्बम म्हणजे आठ-दहा गाणी, बनवणाऱ्याने लावलेल्या क्रमाने, मधलं एकही न गाळता ऐकायची. एवढा वेळ सलग बसायला माणूस कुठेतरी अडकलेला असावा लागतो. मुंबईकर लोकलमध्ये अडकतो, आम्ही घाटात. महाडहून भोरला जायचं तर वरंध, पोलादपूरहून महाबळेश्वरला जायचं तर आंबेनळी, खेडला जायचं तर कशेडी. घाटात रेंज जाते, फोन येत नाही, बाजूला दरी असल्यामुळे बायकोही भांडण काढत नाही. अल्बम ऐकायला याहून चांगली खोली कोणी बांधलेली नाही.

माझी सासुरवाडी खेडची. त्यामुळे माझ्या कानांची घडण कशेडीने केली. पोलादपूर मागे पडलं की अल्बम लावायचा आणि भरणे नाक्याला शेवटचं गाणं संपलं पाहिजे, हे माझं प्रमाण. एम. जे. लेंडरमन या पोराचा 'मॅनिंग फायरवर्क्स' हा २०२४ चा अल्बम ३९ मिनिटांचा आहे. कशेडीला समोर ठेवून बेतला असावा इतका नेमका. पण २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्याची एक बाजू हलक्या वाहनांना मोकळी झाली, आणि जिथे पाऊण तास जायचा तिथे दहा-बारा मिनिटं लागू लागली. सगळ्या कोकणाने पेढे वाटले. मी एकटा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. तिसरं गाणं रंगात येतं न येतं तोच सासुरवाडी. सरकारने आमचा वेळ वाचवला खरा, पण त्या वेळाचं आम्ही काय करत होतो हे विचारायला कोणी आलं नाही.

तेव्हापासून यादीचं सगळं गणित नव्याने मांडावं लागलं. जेसिका प्रॅटचा 'हिअर इन द पिच' २७ मिनिटांत संपतो. नऊ गाणी, जुन्या रेडिओतून झिरपत आल्यासारखा आवाज. महाड एसटी स्टँड ते पोलादपूर, पुढे ट्रेलर आडवा नसेल तर बरोबर बसतो. ट्रेलर असेल तर दोनदा. तो यादीत पाचवा. आंबेनळीसाठी मोठा ऐवज लागतो. वरंध पावसाळ्यात बहुतेक बंदच असतो, म्हणून मोठे अल्बम काढणाऱ्यांनी ते पावसाळा संपल्यावर काढावेत अशी माझी नम्र सूचना आहे. द क्युअर या इंग्लंडातल्या जुन्या मंडळींनी ती पाळली. त्यांचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' नोव्हेंबरात आला, तोही १६ वर्षांनी. जगभर या विलंबाची केवढी चर्चा! आम्हाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आमच्या दारातल्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आहे.

आंबेनळीसाठी मी निवडला फादर जॉन मिस्टीचा नोव्हेंबरातच आलेला अल्बम. आठ गाणी, पहिलंच नऊ मिनिटांचं, त्यात व्हायोलिनांचा नुसता लोंढा. पोलादपूरहून सुटलं की वाडा कुंभरोशीला, प्रतापगडाच्या पायथ्याशी, बरोबर संपतो. आईला महाबळेश्वरला न्यायचं होतं. गाडी वळणाला लागली आणि मागच्या सीटवरून कन्येने स्क्रीनवरची इंग्रजी अक्षरं जोडून अल्बमचं नाव मोठ्याने वाचलं: "महा... श्म... शान."

बाबा जोक करतात असं तिला वाटलं. पण अल्बमचं नाव खरोखर तेच आहे. अमेरिकेतला दाढीवाला गायक, अस्सल संस्कृत नाव, आणि ते वाचलं गेलं आंबेनळीच्या कठड्यावर. आईने पर्समधून अंगाऱ्याची पुडी काढली.

"कोण म्हणतंय हे?"

"फादर जॉन मिस्टी."

"पाद्री आहे?"

"नाही."

"जॉन तरी?"

"तेही नाही. खरं नाव जोश टिलमन."

"मग लपतोय कुणापासून?"

मी सांगितलं की हा पूर्वी फ्लीट फॉक्सेस नावाच्या मंडळात ड्रम वाजवायचा, मग बाहेर पडून या नावाने गायला लागला. आईच्या चेहऱ्यावर एकदम ओळखीचं हसू आलं. तिचं सगळं आयुष्य भजनी मंडळांच्या शेजारात गेलेलं. "म्हणजे पखवाजवाला बुवा झाला. मग बोलतो फार. वर्षानुवर्षं गप्प बसलेला असतो ना." त्या गायकाच्या लांबलचक, शब्दबंबाळ गाण्यांवर याहून बरी समीक्षा मला सापडलेली नाही. यादीत चौथा. तिसरा आला असता, पण आईने परतीच्या वाटेवर तो लावू दिला नाही.

तिसऱ्या जागी वॉक्साहॅची. हे एका बाईचं, केटी क्रचफिल्डचं, गाण्यापुरतं घेतलेलं नाव. अलाबामात ती जिथे वाढली तिथल्या ओढ्याचं ते नाव आहे. तिच्या २०२४ च्या अल्बमचं नाव 'टायगर्स ब्लड'. वाघाचं रक्त म्हटल्यावर आमच्या शिफ्टच्या पोरांनी कान टवकारले, पण ते तिकडच्या बर्फाच्या गोळ्यावर घालायच्या लाल सरबताचं नाव निघालं. वीरेश्वराच्या छबिन्यात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गोळे चोखले, पण 'कालाखट्टा' नावाचा अल्बम काढायचं कोणाला सुचलं नाही. ओढ्याचं म्हणाल तर आमच्याकडे अख्ख्या नद्या पडून आहेत. सावित्री, गांधारी आणि काळ. फोक गाणारीला सावित्री शोभेल. काळे चष्मे लावून गाणाऱ्यांना गांधारी. आणि 'काळ' हे नाव तर केस सोडून किंचाळणाऱ्या मंडळींनी अजून कसं पळवलं नाही याचंच नवल वाटतं. 'टायगर्स ब्लड'मध्ये तिच्या मागे जो हळूच सूर लावतो तो आपला लेंडरमनच. कंत्राटी लोक एकमेकांची शिफ्ट करतात.

लेंडरमन दुसरा. तो नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचा. गाणं चालेपर्यंत आइस्क्रीमच्या दुकानात काम करायचा, आणि त्याच्या आवाजात अजूनही सुटे पैसे नसलेल्या गिऱ्हाइकाला तोंड देणाऱ्या माणसाचा सोशीकपणा आहे. अल्बम सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. महिनाअखेरीस हेलीन वादळ आलं आणि समुद्रापासून लांब, डोंगरात वसलेलं ते गाव नदीने बुडवलं. तिथल्या चित्रकारांचे, कारागिरांचे स्टुडिओ ज्या भागात होते तो नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला. मी ते व्हिडिओ पाहिले. महाडचा माणूस असे व्हिडिओ निराळ्या नजरेने पाहतो. पाणी बघत नाही, ते सगळीकडे सारखंच. तो भिंत बघतो. चिखलाची रेघ खिडकीच्या वर आहे की खाली.

आमची रेघ २२ जुलै २०२१ च्या पुराची. त्या दिवसाबद्दल विनोद करायचा तर जपून, कारण त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड आली. तेव्हा फक्त पेटीबद्दल सांगतो. आमच्या नातेवाइकांच्या आळीतल्या भजनी मंडळाची पेटी देवळातल्या कपाटावर ठेवलेली होती. पाणी चढायला लागल्यावर लोकांनी आधी म्हातारी माणसं वर नेली, मग दाखले, मग सिलिंडर. पेटीचा नंबर लागलाच नाही. पाणी उतरल्यावर ती भलत्याच घराच्या पडवीत सापडली, पोटात चिखल भरलेली. मंडळाने ती उलगडली, धुतली, वाळवली, भात्याची भोकं कंपनीतल्या एम-सीलने बुजवली. आता वाजते. फक्त एक स्वर बोट न ठेवताच वाजत राहतो, भाता हलला की सुरू. बुवांनी वाद घातला नाही. सगळे अभंग त्या स्वराशी जुळवून घेतले.

परदेशात या प्रकाराला लो-फाय म्हणतात आणि त्याचे जादा पैसे घेतात.

म्हणूनच माझ्या यादीत गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचा 'वुडलँड' पहिला. वुडलँड हा त्यांचा नॅशव्हिलमधला स्टुडिओ. मार्च २०२० मध्ये चक्रीवादळाने त्याचं छप्पर उचकटलं आणि वरून पाऊस सुरू झाला. ही दोघं अंधारात टेपा आणि गिटारी वाचवत फिरत होती. मग चार वर्षं तो स्टुडिओ दुरुस्त करत बसली आणि त्याच्याच नावाचा अल्बम केला. दोघांचे आवाज, गिटारी, आणि घाई कसली म्हणून नाही. घरात पाणी घुसलेल्या माणसांना हा अल्बम समजावून सांगावा लागत नाही. ॲशव्हिलच्या मदतीसाठीही गायक जमले. 'कार्डिनल्स ॲट द विंडो' नावाखाली शंभरावर गाणी एकत्र करून त्यांनी ती विकायला काढली. आमच्या पुराच्या वेळी मदतीच्या टेम्पोतून बिस्किटं, चटया आणि साड्या आल्या. गाणी नाही आली. आली असती तरी त्या आठवड्यात चार्जिंग नव्हतं.

आता त्या ज्येष्ठ ऑपरेटरांकडे परत येणं भाग आहे, कारण त्यांनी माझ्या यादीचा पाया उखडला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. शक्ती-तुऱ्याच्या बारीत ते तुरेवाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मधोमध ढोलकी आणि शाहीर, भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारी पोरं, आणि समोर दुसरी पार्टी. शिव मोठा की शक्ती मोठी यावरून रात्रभर गाण्यातून एकमेकांची सालं काढायची. गण झाला, गौळण झाली की देवाधर्माचं काम संपलं, पुढे फक्त हिशेब. समोरच्याच्या गावाचा, अकलेचा आणि मागच्या वर्षी निरुत्तर झाल्याचा.

थर्ड शिफ्टला जाताना बसमध्ये मी मामांच्या एका कानात ॲड्रियन लेंकरचा 'ब्राइट फ्युचर' लावला. अस्सल फोक. टेपवर रेकॉर्ड केलेला, बोटं तारेवरून सरकल्याचा आवाजही तसाच ठेवलेला. मामांनी डोळे मिटून ऐकलं. नांगलवाडी फाटा आला तेव्हा त्यांनी विचारलं, "बाईला बरं नाय काय?"

"नाही हो, तसं गाणंच आहे."

"बरं. ढोलकी कधी येते?"

ढोलकी येणार नाही हे सांगताना मला गुन्हेगारासारखं वाटलं. मामांनी कुठलाही राग न धरता इअरफोन परत दिला आणि म्हणाले, "एकटीच गाते ना, म्हणून तसं होतं. समोर पार्टी पाहिजे. समोर कोन नसला की मानूस सोताशीच भांडतो."

गिटार घेऊन एकट्याने बसलेल्या अख्ख्या जमातीचं एवढं नेमकं निदान ऐकून मी तिथल्या तिथे त्यांनाच विचारलं की तुमच्या मंडळाचा एखादा अल्बम आहे का, यादीत घालतो. कारण इंडीच्या सगळ्या अटी त्यांचं मंडळ पुऱ्या करतं. शब्द स्वतःचे, शाहीर स्वतःचा, ड्रेस वर्गणीचे, टेम्पो भाड्याचा. चाल तेवढी सिनेमाची, पण तीही ओळखू येणार नाही इतकी पळवलेली. चाकरमान्यांसाठी परळचं दामोदर आणि गिरगावचं साहित्य संघ ही नाट्यगृहं गाजवून आलेली ही माणसं. दामोदर २०२३ च्या अखेरीस पाडकामासाठी बंद झालं, तेव्हा आमच्या बसमध्ये जेवढी हळहळ झाली तेवढी कुठल्याही खासदाराच्या निधनावर झालेली नाही. पण मामा म्हणाले, अल्बम कसला? "त्या रातीला समोरच्याला जे बोलायचं ते बोललो. तेच परत कशाला म्हनू? समोर तोच हाय का?"

यूट्यूबवर त्यांच्या बाऱ्या आहेत, पण त्यात माइकवाल्याचं नाव शाहिराच्या नावापेक्षा मोठं आहे.

आणि खरं सांगायचं तर महाडात कंत्राटी गाण्याची सगळ्यात मोठी पेठ भरते ती २० मार्चला. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. दरवर्षी त्या तारखेला राज्यभरातून माणसं येतात, आणि तळ्याच्या वाटेवर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांची दुकानं लागतात. पूर्वी कॅसेटी होत्या, मग सीड्या आल्या, आता पेन ड्राइव्ह. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, विठ्ठल उमपांचा ठसका, आणि शेजारच्या स्टॉलवर कालपरवा लिहिलेलं, कोणाचंही नाव न ऐकलेल्या पोराचं गाणं. बड्या कंपन्या या माणसांच्या दारात आल्या त्या खूप उशिरा. तोवर आंबेडकरी जलशांनी गावोगाव पायी जाऊन लोकांना गाणी पाठ करून दिली होती. मी तिथे दरवर्षी जातो, पिशवी भरून आणतो आणि डिसेंबरात यादी करताना अलाबामाकडे बघतो. या दुखण्यावर मला औषध सापडलेलं नाही. या वेळी मी शेवटी एक पळवाट काढली: यादीच्या खाली रेघ मारून 'स्थानिक' असं लिहिलं. बायको म्हणाली, भरतीच्या जाहिरातीत लिहितात तसं. स्थानिकांना प्राधान्य, पण शेवटच्या ओळीत.

यादी तयार झाली, ती मी पेन ड्राइव्हवर घालून कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला भेट दिली. आमच्या वसाहतीत संगीताचा खरा निकाल ड्रायव्हर लावतो. पण त्याच्या मशीनला अल्बम नावाची वस्तू कळत नाही. ते माझ्या आणि ड्रायव्हरच्या गाण्यांच्या फाइली एकत्र करून इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने वाजवतं. त्यामुळे मी अभ्यासपूर्वक लावलेला क्रम मोडून ॲड्रियन लेंकर थेट 'आई एकविरा'च्या कोळीगीताच्या पाठोपाठ उभी राहिली, आणि तिचं संपतं न संपतं तोच अलका याज्ञिक. मिलिंद शिंद्यांच्या मागोमाग एम. जे. लेंडरमन आला, तो तर कोणाला वेगळा जाणवलाही नाही. 'गुलाबी साडी' लागली तेव्हा मागच्या सीटपर्यंत सगळे जागे झाले. कुठल्याही सिनेमातलं नसलेलं, एका पोराने स्वतः लिहून गायलेलं आणि २०२४ भर प्रत्येक हळदीत वाजलेलं हे गाणं तांत्रिकदृष्ट्या माझ्याच यादीत बसतं, हे मी कोणाला बोललो नाही.

दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरने निकाल दिला. लेंकर उडवली, कारण तिच्या गाण्याने रात्री पेंग येते. गिलियन वेल्चही उडवली, तेच कारण. औद्योगिक वसाहतीत सेफ्टीचं कारण दिलं की वर अपील नसतं, त्यामुळे माझा पहिला नंबर बसच्या बाहेर पडला. 'महाश्मशान' त्याने स्वतःहून काढलं. गाडीवर लिंबू-मिरची असताना उगाच कशाला, म्हणाला. त्याच्या पसंतीस उतरला तो एकच अल्बम, दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा', माझ्या यादीतला सातवा. नावातच कंपनी आहे म्हटल्यावर त्याला ते पर्मनंट वाटले असावेत. शिवाय त्यात ट्रम्पेट आहे, आणि ट्रम्पेट म्हणजे वरात. आता फर्स्ट शिफ्टला बस बिरवाडीतून निघते तेव्हा तो आवाज मोठा करतो, आरशातून माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "साहेब, नवरदेव कुठल्या स्टॉपला घ्यायचा?"